गाव एकत्र बसविणारा संत

नागपूर विद्यापीठाला २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांचे नाव देण्यात आले. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे वरठीसारख्या गावातून ज्या मुलामुलींनी त्यानंतर पदवी मिळविली, त्यांच्या पदवीपत्राच्या माथ्यावर हे नाव छापलेले आहे. ज्यांचे स्वतःचे शिक्षण प्राथमिक शाळेतच थांबले, त्यांच्या नावाने विद्यापीठाने पदव्या द्याव्यात, यात विसंगती काहीच नाही; उलट विदर्भाने आपल्या एका मोठ्या शिक्षकाचे ऋण मान्य केले, असेच म्हणावे लागेल. तथापि नाव धारण करणे ही एक गोष्ट आणि वारसा चालविणे ही दुसरी. तुकडोजींचे नाव आज चौकांना आहे, सभागृहांना आहे, राज्य शासनाच्या ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेलाही आहे. परंतु त्यांनी आयुष्यभर जे एक काम केले, ते काम कोणते होते आणि ते आज कोठे उभे आहे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

त्या कामाचे वर्णन थोडक्यात करावयाचे तर असे करता येईल : तुकडोजींनी गावाला एकत्र बसावयास शिकविले. भजन, ग्रंथरचना, आश्रम, मासिक, दौरे ही सारी त्या एका कामाची साधने होती.

यावली ते मोझरी

अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी १९०९ च्या एप्रिलमध्ये बंडोजी आणि मंजुळाबाई यांच्या पोटी जन्मलेल्या या मुलाचे नाव माणिक. घरी दारिद्र्य होते. बालपणाचा काही काळ आजोळी, वरखेड येथे गेला. तेथेच आडकोजी महाराज या अवलिया साधूच्या सहवासात तो आला आणि माणिकचा तुकड्या झाला. आडकोजींचे देहावसान १९२१ मध्ये झाले, तेव्हा शिष्याचे वय अवघे बारा वर्षांचे होते. शाळा सुटली होती, गुरू गेला होता आणि घराची ओढ उरली नव्हती. पुढील काही वर्षे या मुलाने रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदेडा येथील अरण्यांत भ्रमण व साधना करण्यात घालविली.

येथपर्यंतची कथा अनेक संतचरित्रांत आढळते. वैराग्य, गुरुकृपा, वनवास आणि मग भक्तांची रीघ हा क्रम मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. तुकडोजींचे वेगळेपण दिसू लागते ते अरण्यातून परतल्यानंतर. हातात खंजिरी, कंठात विलक्षण गोडवा आणि रचना करण्याची सहज शक्ती यांच्या बळावर हा तरुण गावोगावी हजारोंचा समुदाय जमवू लागला. १९३५ मध्ये सालबर्डी येथे झालेल्या महायज्ञाला अफाट जनसमुदाय लोटला. असा समुदाय पाहून एखादा बुवा तृप्त झाला असता. गादी स्थापन करावी, शिष्य करावेत, नवस स्वीकारावेत, हा मार्ग मोकळा होता. तुकडोजींनी तो घेतला नाही. गर्दी जमते आणि पांगते; गावातून निघालेला माणूस जसा आला तसाच परत जातो; ज्या शेजाऱ्याशी त्याचे भांडण आहे, त्याच्याशी ते तसेच राहते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्याच वर्षी त्यांनी नागपूर-अमरावती रस्त्यावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते येथे. यज्ञाच्या गर्दीकडून ते नित्याच्या बैठकीकडे वळले.

पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, वर्ध्याजवळच्या शेगाव येथे, म्हणजेच आजच्या सेवाग्रामात, महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून त्यांनी सुमारे महिनाभर वास्तव्य केले. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी सर्वांनी मिळून प्रार्थना करावयाची आणि उरलेल्या वेळात झाडू, चरखा व शेतीची अवजारे हाती घ्यावयाची, ही तेथील दिनचर्या होती. गांधींचा प्रभाव तुकडोजींवर पडला, हे निर्विवाद आहे. पण सेवाग्रामातील ती शिस्त प्रामुख्याने एका आश्रमाची होती. ती शिस्त हजारो खेड्यांच्या अंगवळणी पाडण्याचा उद्योग तुकडोजींनी केला आणि त्यासाठी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला समजेल अशी चाल त्यांनी तिला दिली.

प्रार्थनेचे सभेत रूपांतर

श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या रूपाने हा उद्योग उभा राहिला. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा त्याचा कणा. प्रार्थना ठरल्या वेळी सुरू व्हावयाची, मग कोणी प्रतिष्ठित मनुष्य यावयाचा असो वा नसो. रांगा धरून बसावयाचे. पाटलाची जागा वेगळी आणि सालदाराची वेगळी असा भेद नाही. प्रार्थनेच्या अधिष्ठानावर कोणा एका पंथाच्या देवतेची मूर्ती नाही. गुरुतत्त्वाचे प्रतीक म्हणून रिकामे आसन. ज्या गावात पंगती जातीप्रमाणे उठत आणि पाणवठे जातीप्रमाणे वाटलेले असत, त्या गावात रोज अर्धा-पाऊण तास एका रांगेत बसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. आणि माणसे एकदा बसली की प्रार्थनेनंतर ती लगेच उठत नाहीत. विहिरीचा गाळ कोणी काढावयाचा, रस्त्यावरचे सांडपाणी कोठे वळवावयाचे, दारूपायी कोणाचे घर बुडाले, अशा गोष्टी निघू लागतात. प्रार्थना संपते तेथे सभा सुरू होते. तुकडोजींनी ओळखलेले मर्म ते हेच.

या रीतीला जगाच्या इतिहासात एक बोलके साम्य आढळते. ज्यू समाजातील रब्बी हा पुजारी नसतो. लोकांच्या वतीने पूजा करून देणे हे त्याचे काम नव्हे. धर्मग्रंथ शिकविणे, त्यांवर लिहिणे, तंट्यांचा निवाडा करणे आणि समाज एकत्र राखणे हे त्याचे काम. जेरुसलेमचे मंदिर इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केल्यानंतर या समाजाचा आधार बनली ती एकत्र बसणारी माणसे. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष हजर असलेच पाहिजेत, असा त्यांचा परंपरागत दंडक आहे. एकट्याची भक्ती कितीही थोर असली तरी ती या दहांची जागा भरून काढू शकत नाही. कोकणातील मराठी भाषिक बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना शनवार तेली म्हटले गेले, ते उर्वरित ज्यू जगापासून शतकानुशतके तुटूनही टिकून राहिले, ते अशाच सामुदायिक नेमाच्या बळावर. मोझरीच्या या संताने रब्बींची परंपरा अभ्यासली असण्याचे कारण नाही. पण नेमाने एकत्र बसणाऱ्या माणसांतूनच समाज घडतो, हे दोन्हीकडे सारखेच ओळखले गेले.

या बैठकीचे सामर्थ्य १९४२ मध्ये प्रत्ययास आले. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी येथे लोक उठले. गोळीबार झाले, रक्त सांडले. तुकडोजींच्या भजनांनी त्या मुलुखातील मने आधीच पेटविली होती. ज्या गावांना एकत्र बसण्याची सवय लागली होती, ती एकत्र उठलीही. सरकारला हे कळावयास वेळ लागला नाही. ऑगस्ट संपण्यापूर्वी तुकडोजींना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. वर्षअखेरीस सुटका झाल्यावर त्यांनी संघटनेची घडी अधिक पक्की केली. १९४३ मध्ये गुरुकुंजात छापखाना सुरू झाला आणि मंडळाच्या मासिकाद्वारे त्यांचे विचार खेड्यापाड्यांत पोहोचू लागले.

लेखणीचा उपयोग

वऱ्हाडातच जन्मलेले आणि त्याच काळात वावरलेले गाडगेबाबा निरक्षर होते. त्यांनी आपल्या हाताने एक ओळही लिहून ठेवली नाही. खराटा हीच त्यांची लेखणी. तुकडोजींनी मात्र विपुल लिहिले आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत लिहिले. १९५६ पर्यंत विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता. भंडाऱ्याच्या उत्तरेस व पूर्वेस बाजारहाटाची भाषा सहज हिंदीकडे झुकते. या वस्तुस्थितीची जाण ठेवूनच त्यांनी दोन्ही भाषा जवळ केल्या. त्यांच्या रचनांत पांडित्याचा अभिनिवेश नाही. पुष्कळदा त्या गद्याच्या अगदी जवळ जातात आणि काव्याच्या कसोटीवर त्यांतील काही भाग उणा ठरेल, हेही मान्य केले पाहिजे. पण त्या लिहिल्या गेल्या त्या पाठ होण्यासाठी, चारचौघांनी मिळून म्हणण्यासाठी.

१९५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ग्रामगीता ही या लेखनाची परिणती होय. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या असलेल्या या ग्रंथाचे विषय पाहिले तरी लेखकाची दृष्टी कळते. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधारणा, श्रमसंपत्ती, जीवनशिक्षण, महिलोन्नती, विवाहातील उधळपट्टी, सण, यात्रा, मंदिरे, अंत्यसंस्कार असे खेड्यातील जीवनाचे क्वचितच एखादे अंग सुटले असेल. जी ओवी ज्ञानेश्वरांपासून तत्त्वज्ञानासाठी राबली, तिला त्यांनी शेणखत, मोरी आणि हुंडा यांच्या चर्चेला लावले. तत्कालीन परिस्थितीत याची निकड होती. भंडाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. या जिल्ह्यातील शेकडो तलाव मालगुजारीच्या काळात गावाच्या सहभागाने राखले जात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, ती संपणे न्याय्यच होते. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची पाळ, त्यांचा गाळ आपला म्हणणारा कोणी उरला नाही. जुनी सत्ता गेली आणि नवी जबाबदारी कोणी उचलली नाही, अशा संधिकाळात ग्रामगीता गावाच्या हाती पडली. सरकार सर्व काही करील या अपेक्षेवर विसंबून राहू नका, हे तिचे सांगणे स्वातंत्र्यानंतर अवघ्या आठ वर्षांत आले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

त्याच सुमारास त्यांचे कार्यक्षेत्र विस्तारत गेले. १९५५ मध्ये जपानमधील विश्वधर्म परिषदेस ते गेले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. विनोबांच्या भूदानात त्यांनी आपली वाणी झिजविली. डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सैनिकांचे मनोधैर्य वाढविण्यासाठी ते सीमेवर गेले. १९६४ मध्ये मुंबईत विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, त्या बैठकीतही ते होते. गांधी-विनोबांचा हा सहकारी तेथे कसा, असा प्रश्न काहींना पडतो. तर काहींना सेवाग्रामातील तुकडोजी अडचणीचे वाटतात. ज्याने त्याने आपल्या सोयीचा तुकडा उचलावा, असे त्यांच्या बाबतीत पुष्कळदा घडले आहे. वस्तुतः बोलावणाऱ्याचा रंग न पाहता जाणे आणि तेथे आपलेच म्हणणे मांडणे हा त्यांचा स्वभाव होता. या स्वभावाने त्यांना सर्वत्र प्रवेश मिळवून दिला; पण एखाद्या व्यवस्थेशी उघड झुंज घेण्याचे प्रसंगही त्यामुळे कमी आले, हे नाकारता येत नाही.

एक कठीण प्रश्न

तुकडोजींच्या ग्रामविचारावरचा सर्वांत कठीण आक्षेप त्यांच्याच काळात आणि याच भूमीवर उभा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर घणाघाती टीका केली होती. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर असलेले खेडे राज्यघटनेचा पाया होऊ शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५४ मध्ये त्यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि त्यांचा पराभव झाला. त्यानंतर एका वर्षाने ग्रामगीता प्रसिद्ध झाली आणि तिच्यानंतर वर्षाच्या आतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. एकाच प्रदेशात, अडीच वर्षांच्या अवधीत, एकाच खेड्याविषयी दोन भिन्न उत्तरे पुढे आली. एकाने गावाला देव मानून ते शुद्ध करावयाचे ठरविले. दुसऱ्याने, ज्यांना त्या देवाच्या दारात कधी उभेच केले गेले नाही, त्यांना नवी वाट दाखविली.

तुकडोजींनी अस्पृश्यतेवर सतत प्रहार केले आणि ग्रामगीतेत दलितसेवेला स्वतंत्र अध्याय दिला. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु त्यांचा सारा भर हृदयपरिवर्तनावर होता. सवर्णांनी बदलावे, धनिकांनी विश्वस्तवृत्तीने वागावे, जमीनवाल्याने स्वखुशीने द्यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. ज्याला सेवा हवी त्याला हक्कही हवा असतो आणि हक्क प्रार्थनेने मिळत नाही, त्याला कायदा व संघर्ष लागतो, ही आंबेडकरांची जाणीव ग्रामगीतेत पुरेशा तीव्रतेने उमटत नाही. अर्थात यामुळे तुकडोजींची बैठक निरर्थक ठरत नाही. कायदा हक्क देतो. पण हक्कदार म्हणून ज्याला मान्यता मिळाली त्याच्या शेजारी बसण्याची तयारी कायद्याने येत नाही. दोन्ही हव्यात. या दोन विचारांना एकमेकांसमोर उभे करून थांबण्यापेक्षा एकाने दुसऱ्याची उणीव कशी भरून काढावी, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

वरठीतील कसोटी

या विचाराची कसोटी आज वरठीसारख्या गावात लागते. मुंबई-हावडा लोहमार्गावरील येथील स्थानकाच्या पाटीवर भंडारा रोड हे नाव आहे; गाडीने जाणाऱ्याला गावाचे नावदेखील कळत नाही. भोवती धानाची शेते आहेत आणि गावाला लागूनच पोलादाचा मोठा कारखाना आहे. शेतकरी, कामगार, रेल्वेचा नोकर, रोज भंडाऱ्याला वा नागपूरला ये-जा करणारा कारकून, परप्रांतातून आलेला मजूर अशी ही वस्ती. ग्रामगीतेने डोळ्यांसमोर ठेवलेले शेतीनिष्ठ, परस्परांना पिढ्यान् पिढ्या ओळखणारे खेडे हे नव्हे आणि हे शहरही नव्हे. महाराष्ट्रातील असंख्य गावे आज अशाच अवस्थेत आहेत. तेथे पाळीचे काम असलेल्या कामगाराने सायंप्रार्थनेला कसे यावे? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराने गाव आपले का मानावे? ग्रामगीतेचे पारायण करून या प्रश्नांची उत्तरे मिळणार नाहीत.

पण बैठकीची गरज मात्र येथेच सर्वाधिक आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा घेण्याचा प्रघात आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पुरे. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसे म्हणजे काही मोठी अपेक्षा नव्हे. तरीही गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याच्या बातम्या जागोजाग वाचावयास मिळतात. हक्क कायद्याने दिला, पण बसण्याची सवय लावणारे कोणी उरले नाही. तुकडोजींच्या काळी बैठक होती आणि तिला कायद्याचे बळ नव्हते. आज कायद्याचे बळ आहे आणि बैठक नाही. महाराजांच्या प्रतिमेला हार घालून ज्या सभा सुरू होतात, त्यांतील रिकाम्या सतरंज्या हा त्यांच्या वारशाचा खरा ताळेबंद आहे.

तुकडोजींचे देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, असाध्य आजाराने गुरुकुंजातच झाले. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीत आजही लक्षावधी माणसे जमतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारा समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. एवढ्या अफाट गर्दीने एका क्षणी शांत व्हावे, हे शिस्तीचे दर्शन थक्क करणारे आहे. मात्र गर्दीविषयी सावध राहणे याच संताने शिकविले होते. मोझरीला जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावच्या पुढील ग्रामसभेला जावे आणि जाताना सोबत त्या शेजाऱ्याला न्यावे, ज्याला आजवर कोणी बोलाविले नाही : टोळीवरची स्त्री, वेशीबाहेरच्या वस्तीतील तरुण, कारखान्यातला परगावचा कामगार. शिक्षकाने सभेचा विषय समजावून सांगावा, कारकुनाने इतिवृत्त वाचून दाखवावे, विद्यापीठाच्या पदवीधराने जमाखर्चाचा तक्ता मागावा. ग्रामगीतेला याहून वेगळे पारायण अभिप्रेत नव्हते. पदवीपत्रावरील त्या नावाचे ऋणही याच मार्गाने फिटेल.